शहापूरसाठी मुंबईच्या पाणीपट्टीत उपकर लावावा का?

परळचा_पांडू (धागाकर्ता)
दर उन्हाळ्यात पेपरात दोन बातम्या शेजारी शेजारी येतात, एकीत मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत किती टक्के पाणी उरलंय आणि दुसरीत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात टँकर सुरू. आपण पहिली वाचतो आणि पान उलटतो. जरा हिशोब मांडतो. सातही तलावांची मिळून साठवण १४.४७ लाख दशलक्ष लिटर, त्यातली ७.१७ लाख एकट्या भातसाची, म्हणजे जवळपास निम्मी. भातसा शहापूर तालुक्यात. १८९२ सालचा तानसा पण शहापुरातच, आणि मोडक सागर, मध्य वैतरणा तिथेच आसपास, तालुक्याच्या हद्दीला लागून. ह्या सगळ्यातून मुंबई रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी घेते आणि ज्या तालुक्याची लोकसंख्या २०११ ला सव्वातीन लाखसुद्धा नव्हती तिथल्या पाड्यांवर बायका एप्रिल-मे मध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात.
माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईच्या पाणीपट्टीत हजार लिटरमागे ५० पैसे शहापूर उपकर लावा. दिवसाला साडेएकोणीस लाख होतात, वर्षाला ७० कोटींच्या वर. तो पैसा फक्त तिथल्या पाड्यांच्या पाण्याला. बोला.

मुलुंडकर_७१
पांडूभाऊ, भावना ठीक पण आपण फुकट पितोय असं चित्र का रंगवता? भातसा धरण महापालिकेचं नाही, राज्याच्या जलसंपदा खात्याचं आहे, आणि महापालिका तिथल्या पाण्याचे पैसे राज्याला मोजते. आता ते पैसे राज्याच्या तिजोरीत जाऊन तिथेच मुरतात, शहापूरला पोचत नाहीत, तर तो मंत्रालयाचा प्रश्न झाला. मी दोनदा का भरू? त्यात २०१२ पासून पाणीपट्टी दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा प्रशासनाला आहेच. आणि तुमचे ७० कोटी कागदावरचेच, कारण मुंबईत येणाऱ्या पाण्यातलं किती गळतं, किती चोरीला जातं आणि किती मीटरवर येतच नाही ते काढा आधी.

आसनगाव_सीएसएमटी_फास्ट
मी शहापूरचाच, नोकरी फोर्टला, रोज लोकलने येऊन जाऊन, म्हणजे दोन्हीकडचं पाणी पितो 😀 तुम्ही दोघं पैशावर भांडताय, त्याआधी जमीन कशी आहे ते बघा.
आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, अडीच हजार मिलीमीटर सहज, पण खाली काळा कातळ, पाणी मुरायला जागाच नाही, सगळं ओढ्याने भातसात नाहीतर वैतरणेत. दिवाळीनंतर ओढे आटतात, मग नदीच्या पात्रात खड्डे उकरून झिरपलेलं पाणी भरायचं. त्यात धरण दरीत आणि पाडे डोंगरावर, कसाऱ्याच्या अंगाला तर बघायलाच नको. भातसाचं पाणी तिथवर न्यायचं तर पंपाने चढवावं लागतं. म्हणून तर भावलीची योजना निघाली, ते धरण इगतपुरी तालुक्यात घाटाच्या वर आहे, तिथून पाणी उताराने खाली शहापूरच्या गावांना येईल, पंपाचा खर्चच नको. कल्पना झकास आहे, काम कसं रेंगाळलं ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा.
आणि काही पाडे तानसा अभयारण्यात येतात, तिथे साधा पाइप पुरायचा तरी वन खात्याची परवानगी. मुंबईच्या जलवाहिन्या मात्र त्याच जंगलातून जातात, हाच राग आहे लोकांचा, मुंबई पाणी पिते ह्याचा कोणाला राग नाही.

बैगनवाडी_बॉय
"मुंबई घेते, मुंबई पिते" हे काय चाललंय? कोणती मुंबई? आमच्याकडे गोवंडीत लोक गॅलन, म्हणजे पाण्याचा कॅन विकत घेतात, टॉवरमधल्या लोकांना हजार लिटर सहा-साडेसहा रुपयांत मिळतं आणि आम्ही तेवढ्या पैशात एक गॅलन पण आणू शकत नाही. उपकर लावायचाय तर स्विमिंग पूल वाल्या सोसायट्यांना लावा. आमच्याकडून शहापूरसाठी घेणार आणि आमच्याकडे टँकर माफियाच राहणार, असं नको.

परळचा_पांडू
@बैगनवाडी मान्य, झोपडपट्टीला सरसकट माफी. @मुलुंडकर राज्याला दिलेला पैसा तिजोरीत मुरतो हे तुम्हीच म्हणताय की, म्हणूनच तर वेगळा, ठरलेल्या कामाचाच उपकर मागतोय मी. ठाणे-भिवंडीला महापालिका आपल्या पाण्यातलं थोडं देते ना? तिथे नाही कुणी विचारत मी का भरू म्हणून.

सेकंड_होमवाला
मला हे शहापूर म्हणजे बिच्चारं शहापूर हे चित्रच जुनं वाटतं राव. वासिंदला स्टीलचा कारखाना आहे, आसनगावला कंपन्या आहेत, जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तो शहापुरातूनच जातो, जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले. माझा खर्डीजवळ छोटा प्लॉट आहे, गावातल्याच पोरांना माळीकाम, वॉचमनकी मिळाली. उपकराची भीक कशाला, टुरिझम वाढवा. माहुली किल्ला आहे, धबधबे आहेत.

आसनगाव_सीएसएमटी_फास्ट
दादा तुमच्या प्लॉटला पाणी कुठून येतं ते पण लिहा ना. खोल बोअर मारली असेल, आणि खालच्या वाडीची विहीर किती महिने टिकते हे तुमच्या वॉचमनला विचारा.
भाव वाढले हे खरं, पण विकायला जमीन कोणाकडे आहे? आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकताच येत नाही आणि ते बरंच आहे. पण कातकऱ्यांकडे मुळात जमीनच नाही, बऱ्याच जणांचं घराखालचं पण दुसऱ्याच्या नावावर. भात कापून झाला की वीटभट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि अख्खं घर भिवंडी-कल्याणकडे भट्टीवर, पोरांची शाळा सुटते ती पार पावसाळ्यापर्यंत. त्यांना समृद्धी दिसते ती पुलाखालून. ठाकूर, महादेव कोळी, कुणबी यांचं थोडं बरं, भात असतो, आणि भातसाच्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे उन्हाळ्यात भेंडी होते, चांगले पैसे देते. म्हणजे पाणी मिळालं की माणूस भट्टीवर जात नाही, इतकं साधं आहे हे.

सेकंड_होमवाला
मी माझ्या पैशाने बोअर मारली, कायदेशीर. बाकी चालू द्या.

डोंबिवली_फडके_रोड
मी थोडी वेगळीच बाजू मांडते. पैसा ओतून योजना होतात, चालत नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या गावांत मी कामानिमित्त खूप हिंडलेय, टाकी असते, पाइप असतो, नळाचं तोंड पण असतं, आणि पंप बंद. का? ग्रामपंचायतीने वीजबिल भरलं नाही म्हणून कनेक्शन कापलं. पंचायत म्हणते लोक पाणीपट्टी देत नाहीत, लोक म्हणतात आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची कसली पट्टी. मग पुढच्या वर्षी त्याच गावाला नवी योजना मंजूर, नवीन ठेकेदार, नवीन टाकी जुनीच्या शेजारी! तुमच्या ७० कोटींच्या टाक्याच होतील पांडूभाऊ. टँकरवर पण कोणाकोणाचं पोट चाललंय ते वेगळं सांगायला नको.

मुलुंडकर_७१
ताई बोलल्या ते शंभर टक्के. हेच म्हणत होतो.

परळचा_पांडू
नाही हो मुलुंडकर, ताई तुमच्या बाजूने नाही बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. मग उपकर चालवायलाच वापरा! नवीन टाकीला एक रुपया नको, फक्त पंपाचं वीजबिल, दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार. भातसाच्या पायथ्याला वीजघर आहे, वीज तिथेच तयार होते आणि पंप बिलापायी बंद, कमालच आहे.

आसनगाव_सीएसएमटी_फास्ट
हे पटलं. फक्त पैसा जिल्हा परिषदेकडून फिरवून आणू नका. तालुक्यातली बरीच गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यात आहेत, तिथे ग्रामसभेला अधिकार आहेत, थेट त्यांच्या खात्यात टाका.

डोंबिवली_फडके_रोड
ग्रामसभा कागदावर भरतात तो अनुभव पण लिहू का? 😅 पण हो, जिल्हा परिषदेपेक्षा बरं.

मुलुंडकर_७१
चला, थेट ग्रामसभेला जाणार असेल आणि कोणत्या पाड्याचा पंप वर्षात किती दिवस चालला हे आमच्या बिलाच्या मागे छापणार असाल तर मी २५ पैसे द्यायला तयार आहे. ५० नाही म्हणजे नाही.

आसनगाव_सीएसएमटी_फास्ट
२५ पैशात पंप चालेल काका. पण अभयारण्यातल्या पाड्यांना पंपाचं काय करायचंय, तिथे अजून पाइपच नाही. त्याची परवानगी कोण आणणार ते आधी बोला, मग पैशांचं बघू.