मदत हवी आहे: शारजाहून गाडीने सलाला, ऑरेंज कार्ड नक्की कुठे काढायचं?

नवा_शारजाकर:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. पुढच्या गुरुवारी रात्री मी आणि बायको शारजाहून गाडीने ओमानच्या सलालाला निघतोय, शुक्र-शनि-रवि सुट्टी आहे, सोमवारची रजा मंजूर झालीय, हॉटेलचे पैसे भरलेत. ओमानसाठी गाडीचा विमा वेगळा लागतो आणि त्याचं ऑरेंज कार्ड असतं एवढं कळलंय. पण ते आधी काढायचं की बॉर्डरवर मिळतं? कुणी म्हणतं हत्ता बॉर्डरला मिळतं कुणी म्हणतं अल ऐनला, आणि विमा कंपनीला तीन दिवस फोन लावतोय तर नुसतं म्युझिक वाजतंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज. सलालात काय बघायचं ते विचारत नाहीये, ते सगळं बघून ठेवलंय.

गाडीवेडा_दुबई:
गाडी कुठली? टायर किती जुने आहेत? दरवाज्याच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, त्याच्या वर एक पीएसआय पण नको. ऑगस्टात ओमानच्या वाळवंटातला अॅडम ते हैमा रस्ता इतका तापतो की जुना टायर टिकत नाही. स्टेपनी आणि जॅक बघून घ्या, वीस लिटर पाणी गाडीत ठेवा, प्यायला वेगळं आणि रेडिएटरसाठी वेगळं.

कडक_करक:
आधी हे सांगा, मुलकीया म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन कार्ड कुणाच्या नावावर आहे? तुमच्या, बँकेचं लोन आहे, की रेंटची? त्यावर सगळं अवलंबून आहे. रेंटची असेल तर कंपनीचं ओमानला न्यायचं एनओसी लागतं, त्याशिवाय बॉर्डरवरून परत पाठवतात.

सांगली_ते_अबूधाबी:
गाडीने जाऊच नका असं माझं स्पष्ट मत. शारजा एअरपोर्टवरून एअर अरेबियाची थेट फ्लाइट आहे, दोन तासांत सलाला. तुम्ही बाराशे किलोमीटर जाणार आणि बाराशे येणार, चार दिवसांतले दोन दिवस स्टिअरिंग धरूनच जाणार. आम्ही दोनदा गाडीने गेलो आणि तिसऱ्यांदा विमानाने, खरी सुट्टी काय ती तिसऱ्यांदाच झाली.

नवा_शारजाकर:
गाडी माझीच आहे, म्हणजे ऑफिसची आहे पण दीड वर्ष मीच वापरतो. विमानाचं भाडं आता दोघांचं मिळून खूप होतंय आणि तिला रस्त्याने जायचंय, वाळवंट संपून हिरवं कसं सुरू होतं ते बघायचंय. ऑरेंज कार्डचं कुणी सांगेल का?

कडक_करक:
अहो मग ती तुमची नाही ना! मुलकीयावर कंपनीचं नाव असेल तर लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र घ्या, की हा कर्मचारी अमुक तारखेला ही गाडी ओमानला नेतोय आणि आमची हरकत नाही. अरबी आणि इंग्रजी दोन्हीत घ्या. आणि पॉलिसी कंपनीच्या नावावर असणार, म्हणून तुमचा फोन कुणी उचलला तरी तुम्हाला कार्ड देणार नाहीत. ऑफिसच्या पीआरओला, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला सांगा.

मस्कतची_काकू:
बाळा, मी एकवीस वर्षं मस्कतला आहे, माझं ऐक. हैमा ते थुमरेत या गावांच्या मधे रात्री गाडी चालवू नकोस. चारशे किलोमीटरच्या आसपासचा पट्टा आहे, माणूस दिसत नाही, आणि उंट रस्त्यावर येऊन उभा राहतो. त्याचे पाय लांब, अंग वर, गाडीचे दिवे त्याच्या अंगावर पडतच नाहीत आणि धडक बसली की तो बॉनेटवरून सरळ काचेवर येतो. आमच्या ओळखीतल्या एका घरात हे घडलंय, म्हणून सांगते. निझवाला नाहीतर अॅडमला रात्री झोपा आणि पहाटे निघा.

गाडीवेडा_दुबई:
काकू, आदर ठेवून सांगतो, मी चार वर्षं दर खरीफला, म्हणजे सलालाच्या पावसाळ्यात, रात्रीच जातोय. दिवसा ४५-४८ डिग्रीत एसी आणि टायर दोन्हीवर ताण येतो आणि चढत्या उन्हात ड्रायव्हर थकतो तो वेगळाच. उंट दिवसा पण येतातच. शंभरच्या आत चालवा, हाय बीम वापरा, काही होत नाही.

मस्कतची_काकू:
तुला चार वर्षं काही झालं नाही याचा आनंद आहे. दुसऱ्याला सल्ला देताना मात्र तुझ्या नशिबावर देऊ नकोस. या मुलाने हा रस्ता एकदाही पाहिलेला नाही, आणि थुमरेतच्या पुढे डोंगर उतरताना खरीफचं इतकं धुकं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत नाही. रात्रभर जागून तो त्या उतारावर पोचणार. तिथे तू त्याच्या शेजारी बसणार आहेस का?

टायपिंग_सेंटर:
शारजात नऊ वर्षं व्हिसाचंच काम करतोय म्हणून विचारतो. ओमानचा व्हिसा काढला का? आणि वहिनी इथे किती दिवसांपासून आहेत? एमिरेट्स आयडी दोघांचा आहे ना?

नवा_शारजाकर:
ओमानचा ई-व्हिसा उद्या टाकणार आहे, जीसीसी म्हणजे आखाती देशांतल्या रेसिडेंटचा लगेच मिळतो म्हणतात. आम्ही दोघं रेसिडेंटच आहोत. ती फॅमिली व्हिसावर आहे, तीन आठवडे झाले येऊन.

टायपिंग_सेंटर:
तीन आठवडे म्हणजे मेडिकल झालं? बायोमेट्रिक झालं? आयडी हातात आलाय की अजून अंडर प्रोसेस दाखवतंय? आणि आत आल्या त्या एंट्री परमिटवर की व्हिजिटवर येऊन नंतर स्टेटस चेंज?

कुडाळ_मालवण_दोहा:
मला कळत नाही लोक हिरवळ बघायला हजारो दिरहॅम घालून सलालाला का जातात. तेवढ्या पैशात ऑगस्टात घरी जाऊन आंबोली बघा. सलालाला धबधब्याखाली उभं राहायला मिळत नाही, आमच्यासारखा धो धो पाऊस पण नाही, नुसतं धुकं आणि भुरभूर. शहाळी मात्र चांगली, ती मान्य करतो, अगदी आपल्याकडची चव, रस्त्याकडेला केळी आणि पपया पण मिळतात.

धुक्यातली_वाट:
@कुडाळ तुलनाच चुकीची आहे. पाऊस एकच आहे, तोच नैर्ऋत्य मोसमी वारा. त्याची कड सलालाजवळच्या धोफारच्या डोंगराला घासते, खाली समुद्राचं पाणी वर उपसून आलेलं थंड असतं, म्हणून तिथे ढग अडकून धुकं आणि बारीक पाऊस होतो. डोंगराच्या या बाजूला पंचवीस डिग्री आणि थुमरेतला वर आलं की कोरडं वाळवंट. इत्तीनच्या रस्त्यावर काच खाली करून बसलो तेव्हा माझी आई, ती राजापूरची आहे, नुसती मातीचा वास घेत बसली होती, अर्धा तास काही बोलली नाही. वादी दर्बातला गेलात तर पाण्यात मात्र उतरू नका, पोहायला मनाई आहे.

नवा_शारजाकर:
@टायपिंग सेंटर, मेडिकल झालंय, बोटांचे ठसे गेल्या सोमवारी दिले. आयडी आला नाही, अॅपमध्ये प्रोसेसमध्ये दिसतंय. एंट्री परमिटवर आली. पण परमिट तर ६० दिवसांचं आहे ना, अजून महिना शिल्लक आहे, मग अडचण काय?

टायपिंग_सेंटर:
अडचण इथेच आहे, बरं झालं विचारलं. ते ६० दिवस आत राहून रेसिडेन्सी पूर्ण करायला दिलेले असतात. एंट्री परमिट एकदाच आत यायला असतं आणि ते तुम्ही वापरलंत. आता रेसिडेन्सी लागायच्या आधी वहिनी ओमानला गेल्या तर परत येताना त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसेल. फाइल बंद होऊ शकते, नवीन परमिट, नवीन फी, आणि ते येईपर्यंत त्या बॉर्डरपलीकडे. आता पासपोर्टवर स्टिकर लागत नाही, २०२२ पासून आयडी हाच पुरावा. आणि ओमानचा जीसीसी रेसिडेंट व्हिसा पण आयडी नसताना मिळणार नाही, तिकडेही तीन महिन्यांच्या वर शिल्लक असलेली रेसिडेन्सी मागतात. त्यांना घेऊन बॉर्डरवर जाऊ नका. हात जोडून सांगतो.

सांगली_ते_अबूधाबी:
बापरे. मी फ्लाइटचं सांगत होतो, ते पण मागे घेतो, विमानाने गेलात तरी तेच.

पुणे_रास_अल_खैमा:
मग खसबला जा ना मुसंदमला, रास अल खैमाहून तासाभरात बॉर्डर, डाऊ बोटीतून डॉल्फिन दिसतात, एका दिवसात परत.

टायपिंग_सेंटर:
मुसंदम पण ओमानच आहे हो. अल दाराच्या बॉर्डरवर एक्झिट मारतातच.

मूळ_नाशिक:
फॅमिली व्हिसाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मॅरेज सर्टिफिकेटचं अटेस्टेशन भारतातूनच पूर्ण करून आणा. आधी मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग यूएईच्या दूतावासाचा शिक्का, आणि इथे आल्यावर मोफाचं, म्हणजे यूएईच्या परराष्ट्र खात्याचं. एक शिक्का राहिला की सगळं परत पाठवावं लागतं, माझे दीड महिने त्यात गेले. सर्टिफिकेटवर बायकोचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर आधीच सरळ करून घ्या. आमच्या बाबतीत वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून अडलं होतं.

कडक_करक:
त्यांचं अटेस्टेशन झाल्याशिवाय परमिट आलंच नसतं, तो टप्पा मागे पडलाय.

नवा_शारजाकर:
मंडळी, दोन तास फोन हातात घेऊन नुसता बसलो होतो. मला वाटलं होतं परमिट आलं म्हणजे झालं. खरं सांगतो, ती सावंतवाडीची, जुलैत तिकडे पाऊस सुरू असताना इथे आली आणि आल्यापासून अल नहदाच्या त्या फ्लॅटमधून दिवसा बाहेर पडलेली नाही. बाहेर भट्टी, आत एसीचा आवाज. मी सकाळी साडेसहाला जातो, रात्री आठला येतो. परवा खिडकीपाशी बसून आईला फोनवर म्हणत होती की पावसाचा आवाज ऐकव, आणि तिची आई फोन पागोळ्यांखाली धरून उभी होती. ते बघून त्याच रात्री मी हॉटेल बुक केलं. तिला सांगून पण टाकलंय. आता काय सांगू. टायपिंगवाले दादा, घाई करून आयडी आणता येतो का?

मस्कतची_काकू:
अरे, तिला सगळं खरं सांग, ती समजून घेईल. आणि खरीफ सप्टेंबरच्या वीस-एकवीसपर्यंत असतो. उलट सप्टेंबरात डोंगर सगळ्यात हिरवे असतात आणि ऑगस्टातली गर्दी ओसरलेली असते. आयडी आला की या, रात्रीचा मुक्काम मस्कतला माझ्याकडे करा, भाकरी आणि सोलकढी मी देते. मस्कतवरून थोडं लांब पडेल, पण हजार किलोमीटर सरळ रस्ता आहे. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप टाक, मी पण पहिलं वर्ष असंच खिडकीत काढलंय.

टायपिंग_सेंटर:
ठसे दिलेत, मेडिकल फिट असेल तर आता फार लागत नाही. आरोग्य विमा जोडलाय का बघा, बरेच अर्ज तिथेच अडकलेले असतात. उद्या ज्या सेंटरमधून अर्ज टाकला तिथे स्वतः जा, फोनवर नको. रेसिडेन्सी मंजूर झाली की अॅपमध्ये डिजिटल आयडी दिसतो, पण तुम्ही कार्ड हातात येईपर्यंत थांबा, ओमानच्या बाजूला कार्डच मागतात.

पुणे_रास_अल_खैमा:
या शुक्रवारी जबल जैसला जा, १९३४ मीटरचा डोंगर आहे, संध्याकाळी खालच्यापेक्षा आठ-दहा डिग्री कमी असतं. मदहाला पण जाता येईल, खोर फक्कानच्या रस्त्यावर, चारही बाजूंनी यूएई आणि मधे ओमानचं गाव, चेकपोस्ट नाही, शिक्का नाही.

टायपिंग_सेंटर:
मदहाला शिक्का नाही हे खरं, पण जमीन ओमानची आहे आणि ऑफिसच्या गाडीचा विमा तिथे लागू नसेल तर एक खरचटा पण महागात पडेल. ज्यांचे कागद अर्धवट आहेत त्यांना मी पाठवणार नाही.

धुक्यातली_वाट:
खोर फक्काननेच सुरुवात करा. शारजाचंच आहे, २०१९ चा नवीन रस्ता डोंगरातल्या बोगद्यांतून जातो, तासाभरात समुद्र. वरती अल सुहूबला संध्याकाळी कधी कधी ढग खालून जाताना दिसतात. पाऊस नाही मिळणार, पण वहिनी घराबाहेर तर पडतील.

नवा_शारजाकर:
सेंटरला जाऊन आलो. आरोग्य विम्याचंच अडलं होतं, ऑफिसने पॉलिसी काढली होती पण अर्जाला जोडली नव्हती. आज जोडली. चार-पाच कामाचे दिवस म्हणालेत. हॉटेलवाल्याने पैसे परत दिले नाहीत पण तारीख १२ सप्टेंबर करून दिली. तिला सगळं सांगितलं, थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली सप्टेंबरात गणपती आणि सलाला दोन्ही होतील. शुक्रवारी दुपारनंतर खोर फक्कान. काकू, तिने तुमचा नंबर मागितलाय, मी निरोप टाकतोय. सगळ्यांचे खूप आभार.

कुडाळ_मालवण_दोहा:
सावंतवाडीची आहे हे आधी सांगायचं ना! माझी बहीण शारजातच आहे, रोल्लाजवळ, दर गुरुवारी चार-पाच कोकणातल्या बायका जमतात. निरोप बघा, पत्ता टाकलाय.

अल_ऐनचा_शेजारी:
उशिरा बघितला धागा. मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी पूर्ण दिलेलं नाही म्हणून लिहितो. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर ओमान कव्हर बऱ्याचदा आतच असतं, पॉलिसीच्या पहिल्या पानावर टेरिटोरियल लिमिट बघा, तिथे ओमान लिहिलं असेल तर विमा कंपनीकडून ऑरेंज कार्ड मागून घ्यायचं, प्रिंट जवळ ठेवायची. लिहिलेलं नसेल तर बॉर्डरवर विम्याची खिडकी असते, मी अल ऐनजवळ खत्म अल शिकलाला काढलंय, दहा मिनिटं लागली. पण ते थर्ड पार्टीच असतं, आपल्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, म्हणून आधी काढलेलं बरं. तुम्हाला सलालासाठी हत्ता नको, अल ऐनच्या बाजूची बॉर्डर घ्या, पुढे इब्री, अॅडम, हैमा. निघताना यूएईची एक्झिट फी माणशी पस्तीस दिरहॅमच्या आसपास, कार्डने भरता येते. अॅडमला टाकी फुल्ल करा, अर्धी असली तरी.

नवा_शारजाकर:
हेच हवं होतं. पहिल्या पानावर ओमान लिहिलेलं आहे, आत्ताच बघितलं. पीआरओला पत्र आणि कार्ड दोन्ही सांगून ठेवतो.