मदत हवी आहे: बागेत कोणते शोभेचे दगड घालावेत?

नमस्कार मंडळी,
घरासमोरच्या बागेत पायवाट आणि झाडांचे वाफे यांसाठी शोभेचे दगड निवडायचे आहेत. पायवाटेचं जवळपास ठरलंय. गोल गोटे दिसायला सुंदर, पण पायाखाली सरकतात. कोनदार खडी एकमेकांत घट्ट बसते, म्हणून तीच घालणार.

खरा प्रश्न वाफ्यांचा आहे. घरच्यांना पांढऱ्या संगमरवराचे तुकडे हवेत. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो हळूहळू विरघळून मातीचा सामू (pH) वाढवतो, म्हणजे तिचा आम्लपणा कमी करतो. आमच्याकडे अनंत आणि एक्झोरा आहेत, दोघांनाही आम्लधर्मी माती लागते. पानं पिवळी पडतील अशी फार धास्ती वाटते, जीव आहे त्या झाडांवर! त्याऐवजी पांढरा क्वार्ट्झ कोणी वापरलाय का? तो मातीवर परिणाम करत नाही, पण भर उन्हात त्याची तिरीप डोळ्यांवर येते का? आणि गडद बेसाल्ट घेतला तर तापून मुळांना त्रास होईल का?

दुसरं, खाली प्लास्टिक नको, पाणी मुरत नाही. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण तण रोखणारं कापड टाकावं म्हणते. पण वर पालापाचोळा कुजून माती साचली की तण त्यातच उगवतं ना? मग वाफ्यात कापड घालावं की नुसता ५ ते ७ सेंमी जाडीचा थर पुरेल? खोडाभोवती किती जागा मोकळी सोडता?

जागा १० चौरस मीटर आहे. ५ सेंमी थर धरला तर अर्धा घनमीटर, म्हणजे साधारण पाऊण टन दगड. एकदा पसरल्यावर उचलणं अवघड, म्हणून आधीच विचारतेय. दोन-तीन वर्षं वापरलेल्यांनी फोटो टाकले तर फारच बरं होईल.