मदत हवी आहे: कॉफी जिलाटो घट्ट गोठतो, रवाळ लागतो आणि मागे कडू चव राहते

दुधावरची_साय

आइस्क्रीम मशीनमध्ये कॉफी जिलाटो (कमी फॅटचं इटालियन आइस्क्रीम) करायचा आहे, अंडं न वापरता. सध्याचं प्रमाण असं: फुल क्रीम दूध ५०० ग्रॅम, ३५ टक्के फॅटचं क्रीम २०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, एस्प्रेसो ६० ग्रॅम. दूध, साखर आणि क्रीम एकत्र गरम करून उकळी आली की एस्प्रेसो ओतायची, गार करून लगेच मशीनमध्ये. डबा असतो उणे १८ अंशांवर.

अडचणी तीन:
१. दुसऱ्या दिवशी चमचा आत जात नाही.
२. जिभेवर बर्फाचे कण लागतात.
३. एस्प्रेसो ओतल्यावर कधीकधी दूध फुटकं दिसतं आणि कडवटपणा मागे रेंगाळतो.

साखर फार वाढवायची इच्छा नाही. काय बदलू?

गोठणबिंदू

पहिल्या दोन अडचणी तुमच्या आकड्यांतच आहेत. एकूण मिश्रण ८६० ग्रॅम, त्यात साखर जेमतेम साडेअकरा टक्के. जिलाटोत सगळ्या साखरा मिळून साधारण १६ ते २२ टक्के लागतात. साखर इथे गोडीपुरती नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली खेचते, म्हणून उणे १८ लाही थोडं पाणी न गोठता राहतं आणि चमचा आत जातो. शिवाय तुमच्या मिश्रणात पाणी ७२ टक्क्यांच्या आसपास आहे. ते ६२-६४ वर आणायला हवं. एस्प्रेसो म्हणजे ९० टक्के पाणीच, तेव्हा ती आधी काढा.

फॅट मात्र तुमच्याकडे दहा टक्के होतंय, म्हणजे ते आइस्क्रीमकडे झुकलंय. फॅट जिभेवर थर धरतं आणि कॉफीची चव दबते. क्रीम कमीच करा.

एक किलो मिश्रणासाठी, सगळं वजनाने:

दूध ६२५, क्रीम १४०, साखर १४५, डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) ४०, स्किम्ड मिल्क पावडर ४६, लोकस्ट बीन गम ३, ग्वार गम १ (दोन्ही गम म्हणजे दाटपणा आणणाऱ्या, बियांपासूनच्या पुडी). चिमूटभर मीठ.

गोडीची काळजी करू नका. डेक्स्ट्रोजची गोडी साखरेच्या पाऊणपटीहूनही कमी, पण गोठणबिंदू उतरवण्याची ताकद जवळपास दुप्पट. चाळीस ग्रॅम डेक्स्ट्रोज मऊपणाच्या हिशेबात ७५ ग्रॅम साखरेचं काम करतं. लिक्विड ग्लुकोज त्याऐवजी घालू नका, त्याने चिकटपणा येतो, मऊपणा तेवढा येत नाही.

मिल्क पावडर पाणी बांधून ठेवते, पण 'अजून थोडी' म्हणून वाढवू नका. लॅक्टोज (दुधातली साखर) जास्त झालं की काही दिवसांनी त्याचेच स्फटिक होतात आणि वाळू खाल्ल्यासारखं लागतं. हा रवाळपणा बर्फाचा नसतो, जिभेवर विरघळत नाही, त्यावरून ओळखता येतो.

भाजणी

कॉफीबद्दल. गरम दुधात बारीक पूड किंवा उकळत्या दुधात एस्प्रेसो, दोन्हींत कडवटपणा ठरलेला. अख्खे दाणे थंड दुधात मुरवा: ६२५ ग्रॅम दुधाला ६० ग्रॅम मध्यम ते गडद भाजलेले दाणे, झाकून फ्रिजमध्ये १२ ते १८ तास. दाणे फोडायचेसुद्धा नाहीत. सुवास येतो, कडूपणा फारसा उतरत नाही. मग गाळून पुन्हा वजन करा. दाणे बरंच दूध पितात, तेवढं ताजं दूध घालून ६२५ भरून काढा. ही पायरी सुटली की सगळ्या टक्क्यांचा हिशेब चुकतो.

रंग फिका येईल, जवळपास पांढराच. तपकिरी रंग आणि थोडी धार हवी असेल तर चिकोरी नसलेली इन्स्टंट कॉफी ४-५ ग्रॅम, मिश्रण कोमट झाल्यावर. इन्स्टंटला नाक मुरडणारे बरेच असतात, पण पाणी न वाढवता चव घालण्याचा तोच सोपा मार्ग आहे.

दूध फुटतं ते आम्लता आणि उष्णता एकत्र आल्यामुळे. हलक्या भाजणीच्या कॉफीत आम्ल जास्त, त्यामुळे धोकाही जास्त. दूध जुनं असेल तर विचारूच नका.

कालथा

कृतीत दोन गोष्टी राहिल्या आहेत.

गम थेट दुधात टाकले तर गुठळ्या होतात. साखर, डेक्स्ट्रोज, मिल्क पावडर आणि गम कोरडेच नीट मिसळा आणि ४० अंशांच्या दुधात ढवळत भुरभुरवा. क्रीम घालून ८५ अंशांपर्यंत न्या, मिनिट-दोन मिनिटं तिथेच ठेवा. लोकस्ट बीन गम गरम केल्याशिवाय फुलत नाही, कोमट दुधात तो नुसता तळाशी बसतो. थर्मामीटर हवाच. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करा आणि फ्रिजमध्ये किमान ६ तास मुरू द्या. 'गार करून लगेच मशीनमध्ये' हेच बर्फाच्या कणांचं दुसरं कारण.

मशीनमध्ये मिश्रण ४ अंशांचं असावं. गोठवायचं भांडं असलेलं मशीन असेल तर ते भांडं पूर्ण २४ तास फ्रीझरमध्ये हवं. हलवून भांड्याच्या भिंतीतला द्रव खळखळला तर सुरूच करू नका. साधारण उणे ५-६ अंशांना, दाट पण ओघळणारं असताना थांबवा. जास्त फिरवून घट्टपणा येत नाही, उलट लोणी सुटायला लागतं. आधीच गार केलेल्या उथळ डब्यात भरा, पृष्ठभागाला बटर पेपर चिकटवा. गोठायला जितका वेळ, तितके कण मोठे.

दुधावरची_साय

सर्वांचे आभार. दोन शंका. गम मिळाले नाहीत तर? आणि मद्य थोडं घातलं तर मऊ होईल ना?

कालथा

गमऐवजी कॉर्नफ्लोअर १८ ग्रॅम, तेवढं दूध कमी. थोड्या थंड दुधात कालवून घाला आणि बुडबुडे आल्यावर मिनिटभर शिजवा, नाहीतर पिठाची चव राहते. पोत गमइतका रेशमी नसतो आणि दोन-तीन दिवसांत संपवलेला बरा. सिसिलीत अशाच पद्धतीने, अंड्याशिवाय करतात.

गोठणबिंदू

मद्याने मऊ होतं, पण अंदाज चुकला तर गोठतच नाही. किलोला ४० टक्के अल्कोहोलचं २० ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि तेही मशीन थांबवण्याच्या मिनिटभर आधी. वरच्या प्रमाणात खरं तर गरज नाही. उणे १८ चा डबा खाण्यापूर्वी १०-१५ मिनिटं फ्रिजमध्ये काढून ठेवा. जिलाटो वाढतात तोच मुळी उणे ११ ते १३ ला.