कासवांच्या कामाला बिनपगारी संशोधन सहायक हवेत का?

भरतीओहोटी
फेब्रुवारीत तीन आठवडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून राहिले. पहाटे चारला कासवमित्र दादांबरोबर (कासवांची घरटी शोधून राखणारे गावातले दादा) निघायचं, मादीचा माग शोधायचा, मग घरट्याची खोली, अंडी किती, वाळूचं तापमान वहीत उतरवायचं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. म्हणून रोजची नोंद लागते आणि ती करायला माणसं पुरत नाहीत. कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत हे काम पैसे न घेता करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाडीपलीकडचा
ताई, तुम्ही मनापासून केलंत, मान्य. पण घरटं शोधलं कोणी? माझे काका हेच काम करतात. मादी खड्डा बुजवून अंगाने वाळू थापते, वर आजूबाजूची वाळू उधळून जाते. बघणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. काका काठी हलक्या हाताने दाबत जातात. ती पटकन आत गेली की थांबायचं, कारण जरा जोर जास्त झाला की खालची अंडी फुटली. हा हात यायला त्यांना कित्येक हंगाम लागले. मानधन हंगामापुरतं, तेही उशिरा. प्रमाणपत्र मात्र वही भरणाऱ्याला.
आणि बिनपगारी म्हटलं की घरून पैसे आणू शकणाराच येणार. आमच्या वाडीतला बीएस्सी झालेला पोरगा आंबे काढायला जातो, तिथे मजुरी हातात पडते. त्याला कासवांची आवड नाही असं नाही.

केतकीचं_बन
दादा, पगाराची वाट बघत बसले असते तर वेळास गावातलं कासवं वाचवायचं काम उभं राहिलं असतं का? 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास खाल्ली, विकली जायची.

खाडीपलीकडचा
अहो, ते काम टिकलं कशामुळे? गावातली माणसं धरली म्हणून. पुढे कासव बघायला पाहुणे आले, घराघरात राहण्याजेवणाची सोय झाली, गावात चार पैसे आले. मीही तेच म्हणतोय.

वाळूतली_वही
मी अशा नोंदींवर काम केलंय, म्हणून बोलते. दर तीन आठवड्यांनी माणूस बदलला की नोंद बिघडते. एकाने खोली पहिल्या अंड्यापर्यंत मोजली, दुसऱ्याने तळापर्यंत. अख्खा रकाना बाद करावा लागला. तेव्हा रडू आलं होतं.
पण माणसं हवीतच. ओडिशात 2021 मध्ये टॅग केलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या माद्या वेगळ्या, असं आपण धरून चाललो होतो! किनाऱ्यावर पहारा होता, कोणीतरी तिच्या वल्ह्यासारख्या पायावरचा टॅग पाहिला, नंबर जुळवला, म्हणून हे कळलं. एवढीशी धातूची पट्टी, अंधारात दिसते का ती सहज? माझं म्हणणं, पूर्ण हंगाम थांबणारा एक स्थानिक मुलगा पगारावर घ्या, स्वयंसेवक त्याच्या हाताखाली द्या.

केतकीचं_बन
पगाराचा पैसा आणायचा कुठून? छोट्या संस्थांना विजेऱ्यांचे सेल घेणंही जड जातं.

खाडीपलीकडचा
राहण्याखाण्याचे म्हणून स्वयंसेवकांकडून पैसे घेतात ना काही ठिकाणी? त्यातला वाटा द्या.

भरतीओहोटी
तुमचं वाचून वहीचे फोटो उघडले. प्रत्येक पानावर 'नोंद घेणार' पुढे माझं नाव आहे. घरटं कोणी शोधलं, याचा रकानाच नाही. एकवीस दिवसांत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याचं फार वाईट वाटतंय. पुढच्या वहीत तो रकाना असावा, असं संस्थेला आजच लिहिते. स्थानिक मुलाला पगार, हेही पटलं. पण मी स्वतः पुढच्या वर्षीही पैसे न घेताच जाणार, आणि आता तीन आठवडे नाही, पहिल्या घरट्यापासून शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत.