उत्तर: पिक सोडल्यावर आवाज फिका का येतो?

डायर स्ट्रेट्स बँडचा गिटारवादक मार्क नॉफ्लर ऐकून पिक (गिटारची तार छेडायची छोटी चकती) सोडलं, बोटांनी वाजवायला लागलो आणि आवाज एकदम फिका झाला, अशी एकाची तक्रार आहे. बहुतेक वेळा दोष अँपचा (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा) नसतो, उजव्या हाताचा असतो. नॉफ्लर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वापरतो. उरलेली दोन बोटं गिटारच्या अंगावर टेकवून ठेवतो. त्या आधारामुळेच तार जोरात ओढता येते. हात हवेत तरंगत ठेवलात तर बोटं तार नुसती कुरवाळतात.

तर्जनीचं मांसल टोक तारेखाली किंचित घाला, तार तळहाताच्या दिशेने ओढा आणि सोडा. सरळ वर उचललीत तर ती फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटून खडखडते. दोन स्वरांच्या मधे अंगठा परत तारेवर टेकवून ती बंद करा. नॉफ्लरच्या वाजवण्यातला तो तुटक ठसका या थांबण्यातूनच येतो, आणि नेमकं हेच सगळे विसरतात! मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. सलग चार वेळा स्वच्छ आलं तरच ४ ने वाढवा. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) असेल तर ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) एकत्र, अँपवरचा गेन (आवाज फाटवणारी पातळी) अगदी कमी. जास्त गेनमध्ये हलका-जोरकस फरक सपाट होतो.

डाव्या हातासाठी मात्र ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच ऐका. व्हायब्रॅटो (सुराला कंप) देताना तो अंगठा नेकवरून (गिटारच्या दांड्यावरून) सोडून मनगटातून हात हलवायचा. बेंडचा (तार बाजूला ओढून चढवलेल्या स्वराचा) सूर तपासायला दुसऱ्या तारेवर आधी दहावा फ्रेट वाजवा, मग आठव्यावरून ओढून तोच सूर गाठा.