शब्दचर्चा : ‘डार्क’ला दरवेळी ‘काळा’ चालत नाही

प्रश्न : अनुवादात ‘डार्क’ आला की ‘काळा’ नाहीतर ‘कृष्ण’ लिहून मोकळं व्हायची सवय पडली आहे. ‘डार्क मॅटर’, ‘डार्क पॅटर्न’, ‘डार्क स्टोअर’ या सगळ्यांना एकच शब्द कसा पुरेल?

उत्तर : पुरत नाही. आधी वाक्यात नेमकं काय नाही ते पाहा : उजेड नाही, रंग फिका नाही, की कोणाला पत्ता नाही? रंगाला ‘गडद’, पण झाडीला ‘गर्द’. केस ‘काळेभोर’, माणूस ‘सावळा’. ‘बिफोर डार्क’ म्हणजे ‘दिवेलागणीच्या आत’. ‘अंधाराआधी’ लिहिलंत की अनुवाद उघडा पडतो. ‘अंधारात ठेवणे’ मात्र मराठीत जसंच्या तसं चालतं.

भर : विज्ञानात जास्त जपावं लागतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहाच्या अभ्यासातून जे न दिसणारं वस्तुमान मांडलं, त्याला, म्हणजे ‘डार्क मॅटर’ला, मराठीत ‘कृष्णद्रव्य’ म्हणतात. काळी वस्तू प्रकाश शोषते. हे द्रव्य प्रकाश शोषत नाही आणि सोडतही नाही. त्यात ‘ब्लॅक होल’ही आपल्याकडे ‘कृष्णविवर’. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मराठीत दोन्हीकडे ‘कृष्ण’, त्यामुळे वाचक ही दोन्ही एकाच जातीची समजतो. शब्द रूढ आहे, तो बदलू नका. पण पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे अदृश्य द्रव्य’ एवढं जोडाच.

चंद्राची ‘डार्क साइड’, म्हणजे पृथ्वीवरून न दिसणारी बाजू, तर काळोखी नाहीच. तिथेही सुमारे दोन आठवडे ऊन असतं. लुना ३ यानाने ऑक्टोबर १९५९मध्ये तिची छायाचित्रं काढली, ती उजेड होता म्हणूनच. ‘पलीकडची बाजू’ लिहा.

प्रकाशसंश्लेषणातली ‘डार्क रिॲक्शन’, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारा टप्पा, तीही तशीच. ‘अंधारातली अभिक्रिया’ वाचून मुलं ती रात्री होते असं लिहितात. प्रत्यक्षात तिला लागणारी एटीपी आणि एनएडीपीएच ही ऊर्जा पुरवणारी रसायनं उजेडातच तयार होतात. अंधार झाला की पुरवठा आटतो आणि ही अभिक्रिया थांबते. सरळ ‘केल्विन चक्र’ म्हणावं.

आणखी एक : ‘डार्करूम’ला ‘अंधारखोली’ छान आहे, पण तिथला लाल दिवा कुठेही लावू नका. तो कृष्णधवल छपाईच्या कागदाला चालतो. नेहमीची फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असते, ती डब्यात भरताना पूर्ण काळोखच लागतो. कथेत फिल्म धुण्याच्या टाकीत भरताना लाल उजेड दाखवला, तर जाणकार तिथेच अडखळतो.

प्रश्न : आणि ‘डार्क हॉर्स’? ‘छुपा रुस्तम’ चालेल?

उत्तर : दडलेलं कसब एकदम दिसलं तर चालेल. पण १८४४ साली अमेरिकेत जेम्स पोक यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, तिथे रुस्तमी नव्हती. मोठी नावं अडकली आणि ते पुढे आले. तिथे ‘ध्यानीमनी नसलेला उमेदवार’.

‘डार्क पॅटर्न’ला ‘फसवी मांडणी’ म्हणा. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, ती हीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार दिले आहेत. इथे ‘काळी’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल पडद्याचा रंग काळा आहे.

‘डार्क स्टोअर’मध्ये दिवे लख्ख असतात, फक्त गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसतो. बातमीत ‘घरपोच मालाचं गोदाम’ लिहा. मथळ्यात जागा नसेल तर ‘डार्क स्टोअर’ तसंच ठेवा, ‘काळं दुकान’ नको. त्याने काळ्या बाजाराचा वास येतो.