७२९ बघून खजूर परत ठेवण्याआधी
इस्रायली मालावर बहिष्कार घालायचा तर बारकोड बघा, तो ७२९ने सुरू झाला की माल इस्रायली, असं सांगितलं जातं. ते पुरेसं नाही. कंपनीने नंबर कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला एवढंच त्यातून कळतं, बाग कुठली ते नाही. सुटा माल युरोपात पॅक झाला तर आकडे तिथले. मेजूल जातीचा खजूर व्याप्त वेस्ट बँकमध्ये, जॉर्डन खोऱ्यातल्या इस्रायली वसाहतींत पिकतो, तसाच तिथल्याच जेरिको शहराच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांकडेही. म्हणून उगमस्थान वाचा. युरोपीय न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१९च्या निकालानुसार युरोपीय संघात वसाहतीतल्या खाद्यपदार्थांवर तसा स्पष्ट उल्लेख लागतो, नुसतं ‘वेस्ट बँक’ चालत नाही.

आणि हो, बहिष्कार घालताना कामगारांचंही बघा. घरी सोडा बनवायची यंत्रं करणाऱ्या सोडास्ट्रीम या इस्रायली कंपनीने २०१५मध्ये वेस्ट बँकमधल्या मिशोर अदुमिम या वसाहतीच्या औद्योगिक भागातला कारखाना इस्रायलच्या दक्षिणेला नेगेवमध्ये हलवला. तिथे यायचे इस्रायली परवाने न मिळाल्याने शेकडो पॅलेस्टिनींच्या नोकऱ्या गेल्या.